एकाच तोंडातून

पत्र:

"सप्रेम जय ख्रिस्त. माझं वय 61. माहेर नगरचं, लग्न होऊन इंदूरला आले त्याला छत्तीस वर्षं झाली. मराठी शाळेत शिकवत होते, आता निवृत्त आहे. चर्चच्या महिला मंडळाचं काम बघते आणि दर रविवारी दारात उभी राहून येणाऱ्यांचं स्वागत करते. तुमच्यासारखं गोड बोलणं कुणाला जमत नाही, असं लोक म्हणतात. गेल्या महिन्यात सकाळी कचऱ्याची गाडी आली. घाईत माझ्याकडून ओला-सुका कचरा एकत्र झाला होता. गाडीवरच्या मुलीने बादली परत केली आणि म्हणाली, 'आंटी, कितनी बार बोला, ये नहीं चलेगा.' चार शेजारी उभे होते. माझा तोल गेला. मी म्हणाले, 'तू कौन होती है मुझे सिखाने वाली? कचरा उठाने का पैसा मिलता है ना, उठा!' ती गप्प राहिली. सून जिन्यात उभी होती, तीही काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून बादली तीच खाली नेते, मला हात लावू देत नाही. एकदा एवढंच म्हणाली, 'आई, तिची माफी मागायला हवी.' मला ते पटत नाही. एक तर ती मुलगी उद्धट बोलली. दुसरं म्हणजे, मनात नसताना गोड बोलणं हे ढोंग नाही का? प्रभू येशूनेही परूशी धर्मपुढाऱ्यांना सापाची पिल्लं म्हटलंच ना? शिष्टाचार ही जगाची रीत झाली, ख्रिस्ती माणसाने जे असेल ते खरं बोलावं. तुम्हाला काय वाटतं?"

ताई, सप्रेम जय ख्रिस्त.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. त्या मुलीला काय बोललात ते तुम्ही जसंच्या तसं लिहिलंत, एकही शब्द मवाळ केला नाहीत. महिना उलटला तरी ते वाक्य तुमच्या कानातून गेलेलं नाही. आपलं काहीच चुकलं नाही असं ज्याला मनापासून वाटतं, त्याला आपलंच बोलणं इतकं लख्ख आठवत नाही. म्हणून धीर करून स्पष्ट लिहिते. सून म्हणते ते बरोबर आहे, माफी मागायला हवी. पण ती का मागायची हे तुमचं तुम्हाला उमगलं नाही, तर तुम्ही ती सुनेच्या समाधानासाठी मागाल, आणि मग ते खरोखरच ढोंग होईल.

ती मुलगी उद्धट बोलली की नाही, यात फार अडकू नका. भल्या सकाळपासून गल्ल्यागल्ल्यांतून फिरणाऱ्या, घराघरातली बादली हातात घेणाऱ्या माणसाचा आवाज कधी चढणारच. 2017 पासून आपलं शहर स्वच्छतेत देशात पहिलं येतंय. बाहेरगावचे पाहुणे आले की आपण ते केवढ्या अभिमानाने सांगतो! तो पहिला नंबर तिच्यासारख्यांच्या हातांनी येतो. गाडीला वेगवेगळे सहा कप्पे असतात, आणि आपण एकत्र करून दिलेलं कुणाला तरी बोटांनी वेगळं करावं लागतं. कालच्या भाताच्या खरकट्यात फुटक्या ग्लासाची काच असते, दाढीचं ब्लेड असतं, कागदात न गुंडाळलेलं डायपर असतं. 'कितनी बार बोला' म्हणताना तिला तिच्या बोटांची काळजी होती. आणि समजा ती खरंच उर्मट असती, तरी आपल्या तोंडून काय गेलं याचा हिशेब आपल्यालाच द्यायचा असतो.

आता ढोंगाचं. हा प्रश्न मला विसाव्या वर्षी पडला होता, त्यामुळे यावर जरा थांबते.

मी नर्सिंग शिकत होते. पुरुषांच्या वॉर्डात आम्ही मुली पेशंटना खाटेच्या नंबराने ओळखायचो. 'चौदा नंबरला पॅन द्या', 'चौदा नंबरचं ड्रेसिंग राहिलं'. चौदा नंबरवर मिलमधले एक कामगार होते, पाय मोडून आलेले. त्यांना खाटेवरच सगळं करावं लागायचं. मी पॅन घेऊन जायची, पडदा सर्रकन ओढायची, आणि ते तोंड भिंतीकडे करून पडून राहायचे. त्यांना बोलायची सवयच नाही, असं मी धरून चालले होते.

आमच्या वॉर्डच्या मोठ्या सिस्टरनी एके दिवशी मला बाजूला घेतलं. चादरी ठेवायच्या खोलीत नेऊन दार लोटलं आणि विचारलं, 'चौदा नंबरचं नाव काय?' मला सांगता येईना. दिवसातून चार वेळा मी त्यांचा ताप त्यांच्याच कागदावर लिहीत होते, वर नाव ठळक अक्षरांत होतं, आणि ते मी एकदाही वाचलं नव्हतं. सिस्टर रागावल्या नाहीत. संध्याकाळी पॅन त्यांनी स्वतः घेतलं, वरून स्वच्छ फडकं टाकलं, आणि पडद्याच्या अलीकडे थांबल्या. पडद्याला दार नसतं, कडी नसते, टकटक करायला काही नसतं. त्या नुसत्या उभ्या राहिल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, 'भाईसाहब, मैं अंदर आऊँ?' आतून उत्तर यायला वेळ लागला. त्या तितका वेळ थांबल्या.

दुसऱ्या दिवसापासून मीही तसंच करायला लागले. खरं सांगते ताई, त्यात माया नव्हती की ख्रिस्ताची प्रीती नव्हती, निव्वळ सिस्टरचा धाक होता. हे आपण नाटक करतोय असं मला वाटायचं. आठ-दहा दिवस गेले. एका सकाळी मी पडद्याशी थांबून विचारलं आणि आतून लगेच आवाज आला, 'आइए, सिस्टरजी.' मी आत गेले तर त्यांचं तोंड भिंतीकडे नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्यांच्याबद्दल काही वाटलं. आधी थांबायला शिकले, वाटणं मागून आलं. मी वाटण्याची वाट बघत बसले असते, तर तो माणूस घरी जाईपर्यंत भिंतीकडेच तोंड करून राहिला असता.

म्हणून मनात नसताना मानाने बोलणं याला मी ढोंग म्हणत नाही. समोरच्याकडून काही काढून घ्यायचं आहे म्हणून जिभेला साखर लावली, तर ते ढोंग. आत द्वेष झाकून ठेवण्यासाठी गोड बोललं, तर तेही ढोंग. मन अजून तयार नाही, पण देवाने सांगितलंय म्हणून जीभ आवरली, तर त्याला आपल्या भाषेत आज्ञापालन म्हणतात. 'सर्वांना मान द्या' असं प्रभूचा शिष्य पेत्र आपल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात लिहितो. ज्यांच्याविषयी तुमच्या मनात आदर दाटून येईल त्यांना द्या, असं तो लिहीत नाही. त्याच वचनात पुढे तो राजाचाही मान राखायला सांगतो. तो राजा म्हणजे रोमचा सम्राट, कैसर. पत्र वाचणारे लोक ठिकठिकाणी विखुरलेले, लोकांच्या संशयाला आणि निंदेला तोंड देत जगणारे. कैसराबद्दल त्यांच्या पोटात माया असेल असं पेत्राला थोडंच वाटलं असणार? मनात काय यावं याचा हुकूम कुणी देऊ शकत नाही. हाताने आणि तोंडाने काय करावं हे सांगता येतं, आणि तेच त्याने सांगितलं.

आणि शेवटच्या भोजनाची रात्र आठवा. प्रभू उठला, कमरेला रुमाल बांधला, गंगाळात पाणी ओतून शिष्यांचे पाय धुवायला लागला. त्याच रात्री प्रभूला धरून देणारा यहूदा इस्कर्योत तेव्हा तिथेच होता. त्याच्या मनात काय चाललंय हे प्रभूला ठाऊक होतं. तरी त्या दोन पायांपाशी तो थबकला, पाणी जरा कमी ओतलं, असं योहान कुठे लिहीत नाही.

सापाची पिल्लं म्हटल्याचं तुम्ही लिहिलंत. हो, म्हटलं. हेरोदाला कोल्हाही म्हटलं. पण कुणाला म्हटलं ते बघा ना ताई! मेजवानीत वरचं आसन पटकावणाऱ्यांना, बाजारात लोकांनी वाकून नमस्कार करावा म्हणून आसुसलेल्यांना, विधवांची घरं गिळणाऱ्यांना म्हटलं. भिकाऱ्याला, कुष्ठरोग्याला, लहान पोराला, कुणाच्या घरच्या चाकराला असं एकदाही बोललेला नाही. 'मुलांची भाकर कुत्र्यांना टाकणं बरं नाही' असं कनानी बाईला म्हटलेलं वाचताना माझंही मन अडखळतं, पण त्या प्रसंगाचा शेवट 'बाई, तुझा विश्वास मोठा' असं शिष्यांदेखत म्हणण्यात होतो. प्रभूचा कडकपणा नेहमी वरच्या दिशेने गेला. आपला बहुतेक वेळा खाली जातो, जिथून उलट उत्तर यायची भीती नसते. तुम्ही तेच वाक्य नगरसेवकाला ऐकवलं असतंत का? चर्चच्या पंचांना? हे मी टोचायला विचारत नाही, मलाही स्वतःला रोज विचारावं लागतं.

शिष्टाचार ही जगाची रीत, असं तुम्ही म्हणता. मग लूकचा सातवा अध्याय काढून बसा. शिमोन परूशी प्रभूला घरी जेवायला बोलावतो. गावातली एक पापी समजली जाणारी बाई येते, आसवांनी त्याचे पाय भिजवते, केसांनी पुसते, सुगंधी तेल लावते. शिमोन मनात नाक मुरडतो. आणि प्रभू त्याला काय सुनावतो? मी तुझ्या घरी आलो, तू मला पाय धुवायला पाणी दिलं नाहीस. माझं चुंबन घेतलं नाहीस. माझ्या डोक्याला तेल लावलं नाहीस. पाणी, चुंबन आणि तेल ह्या त्या काळातल्या पाहुणचाराच्या साध्या रीती. आपल्याकडे दारात आलेल्याला 'या, बसा' म्हणून पाण्याचा तांब्या पुढे करावा, तशा. स्वर्ग-पृथ्वी ज्याच्या हातात, त्याला पाण्याचा तांब्या मिळाला नाही हे लागलं, आणि त्याने ते बोलून दाखवलं. सुवार्तेत हे लिहून ठेवलेलं असताना, शिष्टाचार म्हणजे वरवरची गोष्ट असं मला तरी म्हणवत नाही. शिमोनाने जेवण दिलं होतं, खर्च केला होता. जे राहिलं ते एवढंसंच होतं, आणि त्यावरूनच त्याच्या पोटात प्रेम किती आहे ते उघडं पडलं.

याकोबाने आपल्या पत्रात दोन जागी जणू तुमची-माझी गोष्ट लिहिली आहे. दुसऱ्या अध्यायात सभेला दोघं येतात, एकाच्या हातात सोन्याची अंगठी, दुसऱ्याचे कपडे मळके. एकाला चांगली जागा मिळते, दुसऱ्याला उभं ठेवतात नाहीतर पायाशी बसवतात. ग्रीक भाषेत 'तू' आणि 'आपण' असा भेद नव्हता, एक माणूस असला की राजापासून गुलामापर्यंत सर्वांना एकच शब्द. पण मी ते मराठीतून वाचते तेव्हा मला आपला भेद स्पष्ट ऐकू येतो: 'आपण इकडे बसा' आणि 'तू तिकडे उभा राहा'. आपल्याला देवाने ही जास्तीची जबाबदारी दिली आहे असं मला वाटतं. तोंड उघडलं की पहिल्याच शब्दात समोरच्याची पायरी ठरते. मराठीत अरे-तुरे आणि अहो-जाहो आहे, इथल्या हिंदीत तर 'तू', 'तुम', 'आप' अशा तीन पायऱ्या आहेत.

'तू' हा शब्द वाईट नाही हो! आईला आपण तू म्हणतो. 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणताना खुद्द देवाला तू म्हणतो. त्या 'तू'मध्ये कुशीत शिरण्याची जवळीक आहे. ज्या मुलीचं नाव तुम्हाला ठाऊक नाही, जिला तुम्ही कधी पाणी विचारलेलं नाही, तिच्याशी तुमची ती जवळीक नव्हती. तिच्यावर पडलेला 'तू' वरून पडला.

तुम्ही शिक्षिका होतात. मराठी शाळेत मुलं तुम्हाला काय म्हणायची? 'बाई'. 'बाई, मी येऊ का आत?' कितीदा ऐकलं असेल तुम्ही! मराठी पवित्र शास्त्रात प्रभू शोमरोनी स्त्रीला, म्हणजे यहूदी ज्यांच्याशी संबंध ठेवत नसत त्या लोकांतल्या स्त्रीला, 'बाई' म्हणतो, व्यभिचारात धरून आणलेलीला, जिला मारायला लोक दगड घेऊन उभे होते, तिलाही 'बाई' म्हणतो, आणि वधस्तंभावरून आपल्या आईलाही 'बाई' म्हणतो. आपल्या या शहरात विद्यापीठ आणि विमानतळ ज्यांच्या नावाने आहेत, त्या अहिल्यादेवींना आपण मराठी माणसं अहिल्याबाईच म्हणतो, आणि म्हणताना आवाज आपोआप खाली येतो. आणि याच शहरात 'आज बाई नहीं आई' म्हटलं की भांडी कोण घासणार याची चिंता असते. शब्द तोच आहे. शाळेच्या फाटकाच्या आत तो मानाचा होता, मोरीपाशी येईपर्यंत त्यातला मान कुठे गळून पडला? मला याचं फार वाईट वाटतं.

दुसरी जागा तिसऱ्या अध्यायातली. याच जिभेने आपण प्रभूची स्तुती करतो आणि याच जिभेने देवाच्या प्रतिरूपाने घडवलेल्या माणसाला शाप देतो, एकाच तोंडातून दोन्ही निघतं, असं व्हायला नको, असं याकोब लिहितो. रविवारी दारातलं 'जय ख्रिस्त' आणि आठवड्यातल्या त्या सकाळचं 'तू कौन होती है', दोन्ही एकाच तोंडाचं. दारातलं तुमचं स्वागत खोटं आहे असं मी मुळीच म्हणणार नाही. ते खरं आहे, म्हणूनच हे दुसरं इतकं खुपतंय. पण तिथे 'जय ख्रिस्त' म्हणायला काही मोजावं लागत नाही, उलट कौतुक मिळतं. फक्त आपल्याच बांधवांना सलाम केला तर त्यात विशेष ते काय, असं डोंगरावरच्या प्रवचनात प्रभूने विचारलं आहे.

सलामावरून आठवलं. रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय आपण उपासनेत सहसा वाचत नाही. नुसती नावांची यादी आहे, 'अमक्याला सलाम सांगा, तमकीला सलाम सांगा'. मला तो अध्याय फार आवडतो. पौल पंचवीसएक माणसांची नावं घेतो. त्यातली काही नावं त्या काळी गुलामांना ठेवली जाणारी आहेत असं अभ्यासक सांगतात. कुणी प्रभूमध्ये श्रम केले, कुणाची आई ती माझीही आई, असं एकेकाबद्दल काहीतरी लिहितो. आणि मध्येच ते पत्र उतरून घेणारा तर्तिय स्वतःच्या नावाने सलाम घालतो! पौल सांगत होता आणि हा लिहीत होता. लेखनिकाला तेवढी ओळ कोण लिहू देतं? पौलाने लिहू दिली. रोमकरांस पत्रात केवढं गहन तत्त्वज्ञान आहे, आणि त्याच कागदावर लिहिणाऱ्या हातालाही जागा आहे.

आता एक नाजूक गोष्ट लिहिते. तुम्ही नगरच्या, माझंही आजोळ तिकडचं. नगर जिल्ह्यातल्या आपल्या ख्रिस्ती घरांपैकी कितीतरी घरांत चार पिढ्यांमागे काय होतं ते आपल्याला माहीत आहे. माझी आजी सांगायची, तिच्या वडलांना पाणी वरून ओंजळीत ओततं मिळायचं, आणि 'ए' शिवाय दुसऱ्या नावाने त्यांना गावात कुणी हाक मारली नव्हती. मिशनच्या शाळेत मास्तरांनी त्यांना पहिल्यांदा पूर्ण नावाने हाक मारली, तेव्हा दुसऱ्याच कुणाला बोलावलं असं वाटून ते मागे वळून बघायला लागले. आमच्या घरात ख्रिस्त आला तो त्या हाकेतून आला. बाप्तिस्मा पुष्कळ नंतरचा.

म्हणून विचारते, तुमच्या घरी कामाला येणाऱ्या बाईंचा चहाचा कप कुठे ठेवलेला असतो? तुमच्या कपांबरोबर, की खिडकीत वेगळा? मी माझ्या नात्यातल्या ख्रिस्ती घरांत वेगळा कप पाहिला आहे, भिंतीवर येशूचं चित्र आणि खाली खिडकीत टवका उडालेला कप. ज्या प्रभूने शोमरोनी बाईला 'मला प्यायला पाणी दे' म्हणून तिच्या घागरीचं पाणी मागितलं, त्याचं ते चित्र.

हे एका दिवसात सुटत नाही, मला कल्पना आहे. लक्ष्मीबाई टिळकांचंच बघा. 1895 मध्ये रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा झाला, त्यानंतर कितीतरी काळ लक्ष्मीबाईंनी आपलं सोवळं वेगळं सांभाळलं, पुढे नवऱ्याजवळ राहायला आल्यावरही. मनातला जातिभेद त्यांनी स्वतःशी झगडून काढून टाकला, आणि त्याची परीक्षा कुणाच्या हातचं पाणी प्यायचं इथेच झाली. एवढ्या मोठ्या मनाच्या बाईलाही वेळ लागला. तुम्हाला-मला लागला तर घाबरायचं कारण नाही.

तर माफी. कशी मागायची तेही लिहिते, कारण तिथेच माणसं घोळ घालतात.

आधी कचरा नीट करा. ओला वेगळा, सुका वेगळा, काच आणि ब्लेड जाड कागदात गुंडाळून, डायपर आणि पॅड कागदात बांधून निराळे. हे न करता मागितलेली माफी तिच्या काही कामाची नाही. मग बादली घेऊन तुम्ही स्वतः खाली जा. गाडी थांबवून ठेवू नका, मागच्या घरांनाही ती पोचायची असते. तिच्याच भाषेत दोन वाक्यं पुरेत: 'बेटा, उस दिन मैंने आपसे बहुत ग़लत ढंग से बात की। मुझे माफ़ कर दीजिए।' शेजारी उभे असतील तर असू द्या. अपमान त्यांच्यासमोर झाला होता, तेव्हा हेही त्यांच्या कानावर जायला हवं. 'मी घाईत होते', 'पण तुम्हीही तसं बोललात' हे जोडू नका. डोळ्यांत पाणी आणून तिलाच तुमची समजूत घालायला लावू नका. मिठाईचा डबा, जुनी साडी, पन्नासची नोट, यातलं काहीही त्या दिवशी हातात नको. दिवाळीला जे द्यायचं ते दिवाळीला द्या. माफीबरोबर वस्तू दिली की ती माफी न राहता बक्षिशी होते, आणि घेणाऱ्याला नाही म्हणता येत नाही.

ती कदाचित नुसती मान हलवेल. कदाचित बघणारही नाही, पुढच्या घराची बादली उचलेल. तो तिचा हक्क आहे. तुम्ही वर या. चार-सहा दिवसांनी, रोजचं थोडं बोलणं सुरू झालं की, आधी तुमचं नाव तिला सांगा आणि मग तिचं विचारा. एकदम नाव विचारलं तर तिला वाटेल, तक्रार करायला विचारतायत.

यापुढे तिला काही सांगावंच लागलं तर अवश्य सांगा. गाडी न थांबता निघून गेली, बादली आपटली, तर 'बेटा, ज़रा रुकिए' म्हणून स्पष्ट बोला. मान देणं म्हणजे गप्प बसणं, असं मी म्हणत नाही.

आणि सुनेबद्दल. तिने तुम्हाला त्या क्षणी, चार शेजाऱ्यांसमोर टोकलं नाही. ती टोकू शकली असती, तिची बाजू बरोबर होती. ती गप्प राहिली, बादली स्वतःकडे घेतली आणि पुढे एकांतात एकच वाक्य बोलली, तेही 'आई' म्हणून. बांधवाचा अपराध आधी त्याला एकट्याला गाठून दाखव, असं मत्तयाच्या अठराव्या अध्यायात प्रभूने सांगितलंय, आणि तुमच्या सुनेने तेच केलं. तुमचा मान त्या घरात राखला गेला, ताई. तुमच्या पत्रात तिच्यावरचा राग आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिते. माफी मागून आल्यावर तिला 'मागितली हं तुझ्या म्हणण्यावरून' असं ऐकवू नका. तिला कळायचं तेव्हा कळेल. पण त्या दिवशी ती चारचौघांत बोलली नाही याबद्दल तिचे आभार मात्र माना, आणि ते लवकर माना.

बादलीचं तेवढं तिला आदल्या रात्रीच सांगून ठेवा. नाहीतर गाडीचा आवाज आला की ती तुमच्या आधी खाली पोचलेली असेल.